बेने इस्राएलांची दारे

कोणत्याही प्रार्थनामंडळीच्या अगत्याची परीक्षा परक्या पाहुण्याच्या स्वागतावरून करण्याचा प्रघात असला, तरी ती परीक्षा तशी सोपीच म्हटली पाहिजे. कारण पाहुणा आज आला आणि उद्या गेला, की त्याच्यासाठी मांडलेल्या आसनाचा आणि त्याच्यापुढे केलेल्या तबकाचा हिशेब तेथल्या तेथे मिटतो. अवघड प्रसंग येतो तो निमआपल्या माणसाचा. ज्याचा देव तोच, ग्रंथ तोच, सणवार तेच, पण ज्याच्या कुळाविषयी, वर्णाविषयी किंवा उच्चाराविषयी मंडळीच्या मनात किंतु आहे, असा माणूस दारात येऊन उभा राहिला म्हणजे त्या दाराची खरी उंची कळते. कोकणपट्टीतील बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजाचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे, कारण हा समाज या प्रसंगाच्या सर्व बाजूंनी गेलेला आहे: शेजाऱ्यांनी त्याला जागा दिली, स्वधर्मीयांनी त्याला उंबरठ्यावर थोपविले, आणि त्यानेही आपल्यातल्याच काही जणांना बराच काळ थोपवून धरले.

हे बालाघाटात बसून लिहावेसे का वाटले, याचा थोडा खुलासा करणे उचित होईल. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे मुलूख जोडून निर्माण झाला. मध्यप्रांताच्या काळात तो नागपूरच्या कचेऱ्यांकडे तोंड करून बसला होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिला. येथे यहुद्यांचे सभास्थान नाही. परंतु मोठ्या समाजाच्या मध्यभागी आपली भाषा आणि आपले कुळाचार घेऊन राहणे म्हणजे काय, हे येथील मराठी माणसाला निराळे शिकवावे लागत नाही, आणि म्हणूनच अलिबाग-पनवेलकडच्या त्या छोट्या समाजाची हकीकत आम्हांला दूरची वाटत नाही.

परंपरा अशी सांगते, की अलिबागेच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया जिवंत राहिल्या, आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते त्यांनी नवगावातच पुरली. ही घटना कोणत्या शतकातली, याविषयी पंडितांत एकवाक्यता नाही; पण नवगावची दफनभूमी आणि तेथील स्मारक या समाजाने आपल्या आदिस्थानासारखे जपले आहे. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विस्मृतीत गेली. उरले ते शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, अन्नाचे काही निर्बंध आणि ‘शेमा इस्राएल’ ही एकच प्रार्थना, जी जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. उपजीविकेसाठी त्यांनी घाणा धरला. शनिवारी त्यांचे बैल सुटलेले आणि घाणा थांबलेला असे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले आणि विषय संपविला. ज्या गावात राहिले त्या गावावरून ते पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, झिराडकर, चेऊलकर झाले. त्यांच्या बायका नऊवारी नेसू लागल्या, मंगळसूत्र घालू लागल्या, आणि त्यांच्यातील पुष्कळ घरांनी गोमांस वर्ज्य मानले.

शेजाऱ्यांनी दाखविलेल्या या सामावून घेण्याच्या वृत्तीचे गोडवे गाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोकणातील गावगाड्याने बेने इस्राएलांना स्वीकारले ते त्यांचा धर्म समजावून घेऊन नव्हे. जातिसंस्थेत प्रत्येक समूहाला एक कोनाडा असतो आणि त्या कोनाड्याच्या आत तो कोणता देव भजतो, कोणत्या दिवशी उपास धरतो, याची पंचाईत बाहेरचा सहसा करीत नाही. त्यामुळे शनवार तेल्याला गावात जागा मिळाली, इनामही मिळू शकले, छळ मात्र कधी वाट्याला आला नाही. पण जागा मिळाली म्हणजे पंगत मिळाली असे नव्हे. पंगत न मिळणे या समाजालाही सोयीचेच होते, कारण त्याचेही खाण्यापिण्याचे नियम निराळे होते. दोन्हीकडच्या कुंपणांनी मिळून जो शेजार तयार झाला तो कित्येक शतके टिकला, आणि युरोपातील यहुद्यांच्या वाट्याला आलेली हद्दपारी, कत्तली आणि कोंडवाडे डोळ्यांसमोर आणले म्हणजे या मर्यादित शेजाराचीही किंमत लक्षात येते. पुढे तर जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाच्या मुसलमान संस्थानात शालोम बापूजी इस्राएल हे बेने इस्राएल गृहस्थ कारभारी झाले, आणि १९३७ साली डॉ. एलिजा मोझेस हे मुंबईचे महापौर झाले, वरळीचा डॉ. ई. मोझेस रस्ता त्यांच्याच नावाचा आहे.

या समाजाच्या जुन्या पंचांगात अगत्याचे एक मोठे मार्मिक विधान आहे. इतर यहुदी ज्याला योम किप्पूर म्हणतात तो प्रायश्चित्ताचा दिवस बेने इस्राएल ‘दारफाळणीचा सण’ म्हणून पाळीत. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, कडकडीत उपास धरून, घराची दारे लावून सर्व कुटुंब आत बसे. बाहेरच्याचा स्पर्श नको, बोलणे नको, व्यवहार नको. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ येई. त्या दिवशी काल लावलेली दारे उघडत, गोरगरिबांना दानधर्म होई आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी होत. वर्षातून एक दिवस आपण आपल्याच माणसांत, आपल्या देवापुढे, परक्याच्या दृष्टीआड असावे, ही मागणी कोणत्याही लहान समाजाने केली तर तिच्यात शेजाऱ्याचा अपमान नसतो. उलट, ज्याला असा एक दिवस हक्काने मिळतो तोच बाकीचे दिवस निर्धास्तपणे दार उघडे ठेवू शकतो.

आता सभास्थानाच्या आत जाऊ. अलिबागेत जेथे मागेन आबोथ हे सभास्थान आहे, त्या वस्तीला इस्राएल आळी म्हणतात. मागेन आबोथची स्थापना १८४८ सालची. रेवदंड्याचे बेथ एल १८४२ चे, पनवेलचे बेथ एल १८४९ चे, पेणचे बेथ हा-एलोहिम १८६३ चे, ठाण्याचे शाआर हाशामायिम १८७९ चे. या सर्वांच्या आधीचे म्हणजे मुंबईतील शाआर हारहामिम, ‘दयेचे द्वार’. कंपनी सरकारच्या पलटणीतील सुभेदार सामाजी हसाजी दिवेकर, ज्यांना सॅम्युएल इझिकेल म्हणूनही ओळखतात, टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटले आणि त्या उपकाराच्या स्मरणार्थ त्यांनी १७९६ साली ते बांधले. शेजारीपाजारी त्याला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर या नावाचा उगम पुष्कळजण तेथेच दाखवितात. पुण्याच्या लष्करातील ओहेल डेविड हे १८६७ चे, बगदादी यहुदी व्यापारी डेविड ससून यांचे सभास्थान लोकांच्या तोंडी लाल देऊळ झाले आहे.

मुख्य दालनाच्या मध्यभागी लाकडी कठड्याचा उंच चौथरा असतो, त्याला तेबा म्हणतात. त्यावर उभा राहून हज्जान प्रार्थना चालवितो. भारतातून यरुशलेम पश्चिमेला, म्हणून पश्चिमेच्या भिंतीत पडद्याआड हेखाल, म्हणजे चर्मपटावर लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याची जागा. स्त्रियांसाठी सहसा वरचा सज्जा. एका बाजूला एलियाहू हनबीची, म्हणजे प्रेषित एलियाहूची, खुर्ची, जिच्यावर कोणी बसत नाही. सुंतेच्या वेळी बालकाला क्षणभर तिच्यावर टेकवितात. पाहुण्याकडून अपेक्षा इतकीच, की त्याने डोके झाकावे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे ऐकली म्हणजे आपण एखाद्या जुन्या परगण्याच्या दप्तरात तर शिरलो नाही ना, असे वाटावे: मुकादम, चौगुले, काजी, आणि त्यांच्या जोडीला गब्बाई, हज्जान, शमाश. कोचीनचे डेविड रहाबी यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकवून काजीपण दिले, अशी आठवण या समाजात आहे.

प्रार्थना संपल्यावरचा एक जुना आचार विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. वडीलधारा पुरुष दोन्ही हात पुढे करतो, तळवे उभे, अंगठे वर. समोरचा त्याचे हात आपल्या हातांत घेतो, क्षणभर धरतो, सोडतो, आणि मग दोघेही आपापली बोटे ओठांना लावतात. ज्याने हात घेतला तो शेजाऱ्याकडे वळतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे, आणि अशा रीतीने ते अभिवादन तेब्यापासून निघून पार दारापर्यंत पोहोचते. ज्या देशात कोणाचा हात कोणाला लागावा यावर शतकानुशतके एवढा काथ्याकूट झाला, त्या देशात आशीर्वाद हाताने हातात देण्याची ही रीत मला मोठी अर्थपूर्ण वाटते. शब्दाचे आतिथ्य सोपे असते. स्पर्शाचे आतिथ्य मागे घेता येत नाही.

पण हा हात सर्वांपर्यंत पोहोचत होता काय? येथे बेने इस्राएलांच्या इतिहासातील अप्रिय प्रकरण येते. या समाजात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे दोन भाग होते. ज्यांच्या आईबापांपैकी एक जण समाजाबाहेरचे होते, त्यांची संतती आणि त्या संततीचे वंशज काळे गणले जात. धर्म दोघांचा एकच, सभास्थान एकच, परंतु बेटीव्यवहार बंद आणि रोटीव्यवहारही पूर्वी बंदच. गावगाड्याने ज्यांना कोनाडा दिला होता त्यांनी आपल्या कोनाड्यात आणखी एक कोनाडा पाडला. शेजारच्या जातिव्यवस्थेचा हा संसर्ग होता, असे म्हणून हात झटकता येतील. तथापि संसर्ग झाला तरी पथ्य पाळणे आपल्या हाती असते, आणि ते या समाजाने पुष्कळ काळ पाळले नाही.

नियतीचा न्याय असा, की जो किंतु त्यांनी काळ्यांवर घेतला तोच त्यांच्यावर घेणारे लवकरच भेटले. एकोणिसाव्या शतकात बगदाद आणि बसऱ्याकडून व्यापारी यहुदी मुंबईस आले. डेविड ससून हे त्यांचे धुरीण. प्रारंभी बेने इस्राएलांनीच त्यांना आपल्या सभास्थानात आणि आपल्या दफनभूमीत सामावून घेतले. नवागत स्थिरावले, श्रीमंत झाले, आणि १८३६ सालीच त्यांच्याकडून सरकारदरबारी अर्ज गेला, की दफनभूमीत दोन समाजांच्या थडग्यांमध्ये भिंत असावी. पुढे भायखळ्यास आणि फोर्टात त्यांची भव्य सभास्थाने उभी राहिली, आणि सार्वजनिक प्रार्थनेला लागणाऱ्या किमान दहा प्रौढ पुरुषांत बेने इस्राएलाला मोजावे की नाही, याविषयी तेथे शंका काढल्या जाऊ लागल्या. ब्रह्मदेशात तर प्रकरण कोर्टात गेले: रंगूनच्या सभास्थानाच्या कारभारात बेने इस्राएलांना अधिकार नाकारण्यात आले, त्यांनी दावा लावला, आणि १९३५ मध्ये तेथील हायकोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. आपण यहुदी आहोत हे यहुद्यांना पटविण्यासाठी इंग्रज सरकारच्या न्यायासनापुढे उभे राहावे लागावे, याहून करुण विनोद कोणता!

बाहेरच्यांनी मात्र याच काळात उलट अनुभव दिला. १८२९ मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण केले. मिशनरी शाळांचा हेतू उघड धर्मांतराचा होता. विद्यार्थ्यांनी विद्या घेतली, हेतू मात्र सौजन्यपूर्वक परत केला. त्या विद्येच्या आणि कोचीनहून आलेल्या शिक्षकांच्या बळावर समाजाने आपली ग्रंथसंपदा मराठीत उभारली. १८७४ साली पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी वल्हांडण सणाची हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचावयाची पोथी, मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह प्रसिद्ध केली. तिच्यातील चित्रांत बिनखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दिसतात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएल मुलांसाठी शाळा काढली, आणि समाजाचा बृहद् इतिहास लिहून ठेवला, जो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. तीच शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. रेबेका रूबेन या विदुषी तिच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि आज तिच्या वर्गांत बहुतांश मुसलमान मुलेमुली शिकतात.

कीर्तनाचेही तसेच. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनकार उभे राहिले आणि टाळमृदंगाच्या साथीवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी साकी-दिंडीत सांगू लागले. ज्या धर्माला मूर्तीचा वाराही चालत नाही, त्या धर्माने हरिदासाची कथापद्धती उचलली आणि तिच्यातून आपलाच एकेश्वर गाइला, यात शेजाऱ्याविषयीचा जो विश्वास दिसतो तो संमेलनांतील भाषणांत सहसा दिसत नाही.

या शेजाराचे सर्वांत जिवंत रूप पाहावयाचे तर मलिदा पाहावा. नवस फेडताना, लग्नाच्या आदल्या दिवशी, नव्या घरात शिरताना एलियाहू हनबीच्या नावाने मलिद्याचे ताट मांडतात. पोहे धुऊन निथळतात. त्यांत साखर, खोवलेला ओला नारळ, वेलदोडा, बदाम, मनुका घालून हलक्या हाताने कालवितात. ताटात त्याची रास करून भोवती फळे रचितात. मग पुरुष हिब्रू प्रार्थना आणि एलियाहूचे गीत म्हणतात, एकेका फळावर आशीर्वचन होते, आणि ताट वाटले जाते. पाहणाऱ्या हिंदू शेजाऱ्याला हा आपला प्रसाद वाटतो, मुसलमान शेजाऱ्याला आपल्या पिराचा मलिदा आठवतो, आणि दोघांनाही तो दिला जातो. अलिबागेजवळ खंडाळ्यास एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण दाखवितात. तेथेही नवस बोलले आणि फेडले जातात. बाकीच्या जगातील यहुद्यांना हा विधी ठाऊक नाही. तो या मातीतच उगवला.

मंडळीच्या आतही दारे मोठी करण्याचे प्रयत्न झाले. शिमोग्यास १८९० साली जन्मलेल्या डॉ. जेरुशा झिराड सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला वैद्यक शिकल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री झाल्या. लंडनमध्ये उदारमतवादी यहुदी पंथाशी त्यांचा परिचय झाला आणि १९२५ साली त्यांच्या प्रेरणेने मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन स्थापन झाली, जिच्या प्रार्थनेत स्त्रीपुरुष एकत्र बसतात. सज्जा खाली आणण्याचे हे काम एका कोकणी घराण्यातील डॉक्टरीणबाईंनी शंभर वर्षांपूर्वी केले, हे महाराष्ट्रातही फारसे कोणाला माहीत नाही.

इस्रायलची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि सुमारे वीस हजारांचा हा समाज पुढल्या तीन दशकांत बहुतेक तिकडे गेला. छळामुळे नव्हे, धर्मभूमीच्या ओढीने आणि संसाराच्या सोयीने. पण तेथेही दारात तोच प्रश्न उभा होता. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी नोकऱ्यांतील आणि वागणुकीतील भेदभावाविरुद्ध धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली, आणि ती परत आलीही. १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने हुकूम काढला, की बेने इस्राएलांशी विवाह लावताना त्यांच्या मागील पिढ्यांच्या शुद्धतेची चौकशी करावी. वंशावळीच्या या चौकशीविरुद्ध यरुशलेमच्या रस्त्यांवर मराठी माणसे निदर्शनाला बसली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या लोकसभेने ठराव केला, की बेने इस्राएल सर्व अर्थांनी यहुदी आहेत, आणि धर्मपीठालाही हुकमातील त्यांचे नाव काढावे लागले. नवगावच्या कोळ्याने किंवा पेणच्या कुणब्याने जी चौकशी शतकानुशतके केली नव्हती ती स्वतःच्या राष्ट्रात झाली. त्याच राष्ट्रातून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकापासून निघू लागले, याचाही विसर पडू नये.

आज भारतात उरलेले यहुदी पाच हजारांच्या आसपास, आणि कोकणातील कित्येक सभास्थानांत दहा पुरुष जमविण्यासाठी मुंबई-ठाण्याकडे पाहावे लागते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरीमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी फाटकाशी पोलीस असतो आणि पाहुण्याला ओळखपत्र दाखवावे लागते. त्याबद्दल मंडळीला बोल लावण्यात अर्थ नाही. हे दार भीतीने लावले गेले आहे, तिरस्काराने नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो उचितच झाला. मात्र सभास्थाने आणि दफनभूम्या नांदत्या ठेवण्याला सरकारी दर्जा पुरत नाही. त्याला आळीतला शेजारी लागतो. माणसे गेलेल्या गावी थडग्यांवरचे गवत कोण काढतो, यावर त्या गावाचे अगत्य मोजले जाईल.

या सर्व हकीकतीतून जो धडा निघतो तो यहुद्यांपुरता नाही. हिंदीभाषक शेजाऱ्याने बालाघाटच्या मराठी माणसाला त्याच्या भाषेवरून सहसा अडविलेले नाही. तो गणपतीला येतो, पुरणपोळी मागून घेतो. आमच्या मराठीत हिंदीचा हेल आला, झाडीकडचा शब्द आला, म्हणून जेथे हसू फुटते आणि पाठोपाठ ‘आपण मूळचे कुठले?’ अशी सौम्य स्वरातली पृच्छा होते, ती जागा पुण्या-मुंबईच्या मराठी सभागृहांत असते. आणि आम्ही तरी निराळे काय करतो? वैनगंगेपलीकडच्या पोवारी बोलणाऱ्याला आम्हीही आधी भाषा विचारतो, मग बसायला सांगतो. बेने इस्राएलांचा इतिहास एवढेच बजावतो, की परक्याशी चांगले वागणारे समाज पुष्कळ आहेत. मंडळी अगत्यशील की नाही हे ठरते ते निमआपल्या माणसाला कुळ न विचारता हात दिला की नाही, यावर. ज्यांना हा हात नाकारला गेला त्यांनीही तो इतरांना नाकारला, म्हणून दुःख भोगल्याने माणूस आपोआप उदार होतो या भ्रमात कोणी राहू नये. उदारपणा प्रत्येक पिढीला, प्रत्येक दारात, नव्याने ठरवावा लागतो.